माझगाव-शिवडीच्या बंदरपट्ट्यात घर घेताय? आधी जमिनीचा कागद मागा, समुद्र नंतर बघा

"माझगावला घर घेऊ का रे?" अटल सेतू सुरू झाल्यापासून हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की एकदाच सगळं नीट लिहून काढतो. माझे वडील गोदीत कामाला होते, लहानपण डॉकयार्ड रोडच्या चाळीत गेलं, आणि आता पाच मिनिटांवरच्याच एका सोसायटीत रिसेलचा फ्लॅट घेऊन राहतोय. घर घेताना जी धावपळ झाली, त्यात जे शिकलो आणि वकिलांनी जे कान पिळून शिकवलं ते सगळं खाली देतोय. लेख लांब आहे पण हा व्यवहार आयुष्यभराच्या कमाईचा असतो, तेव्हा अर्धा तास द्या.

आधी पट्टा समजून घ्या. सीएसएमटीहून हार्बर लाइन पकडली की मशीद, सँडहर्स्ट रोड, मग डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी, वडाळा. या रुळांच्या पूर्वेला समुद्रापर्यंत जी जागा आहे ती बहुतेक बंदराची. बॉम्बे पोर्ट ट्रस्ट १८७३ सालचा, मग ससून डॉक १८७५, प्रिन्सेस डॉक १८८०, अलेक्झांड्रा डॉक (आताचं इंदिरा डॉक) १९१४, आणि सगळ्या शहराचा माल इथून उतरायचा. १९८९ ला पलीकडे न्हावा शेवा सुरू झालं, कंटेनर तिकडे गेले, आणि इकडची गोदामं हळूहळू ओस पडत गेली. माझ्या वडिलांच्या पिढीने ते डोळ्यांनी बघितलं.

आता उलटं चाललंय. २०१३ ला ईस्टर्न फ्रीवे आला, २०२० ला भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो सुरू झाली, १२ जानेवारी २०२४ ला शिवडीहून निघणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू उघडला, त्यातले साडेसोळा किलोमीटर समुद्रावर. २०२५ मध्ये रे रोडचा नवा केबलचा पूल झाला, बॅलार्ड पियरला नवं क्रूझ टर्मिनल झालं. शिवडी-वरळी कनेक्टर आणि ऑरेंज गेट ते मरीन ड्राइव्ह बोगदा यांचं काम चालू आहे. म्हणजे भाग बदलतोय हे खोटं नाही. पण इथेच पहिली गोष्ट लक्षात ठेवा. जे आज उभं आहे त्याचेच पैसे द्या. बंदराच्या जमिनीवर बागा होणार, समुद्राकाठी फिरायला लांबलचक रस्ता होणार, मरिना होणार, हे २०१४ पासून ऐकतोय. होईलही, मला मनापासून वाटतं व्हावं, गोदीच्या भिंतीपलीकडचा समुद्र आमच्या लोकांना कधी बघायलाच मिळाला नाही. पण ब्रोकरच्या फोनमधल्या नकाशावर जे हिरवं दिसतं त्याच्यासाठी स्क्वेअर फुटामागे एक रुपया जास्त देऊ नका.

पहिलं काम, जमीन कोणाची आहे ते शोधा

हे सगळ्यात महत्त्वाचं म्हणून सगळ्यात जास्त इथेच लिहितो. दुसऱ्या कुठल्याही गावात तुम्ही घर बघता, मग भाव, मग कागद. बंदराच्या शेजारी घर घेताना आधी जमीन, कारण इथे दोन बिल्डिंगमध्ये एक गल्ली असते आणि गल्लीच्या अलीकडची जमीन खासगी मालकीची, पलीकडची पोर्टच्या लीजवरची. दिसायला दोन्ही सारख्या. भावात मात्र फरक असतो आणि तो का आहे हे ब्रोकर सांगत नाही, "मालकाला अर्जंट विकायचंय" असं सांगतो.

मुंबई शहरात साधारण एवढे प्रकार सापडतात: खासगी मालकी म्हणजे फ्रीहोल्ड, पोर्टची लीज, महापालिकेची लीज, कलेक्टरची लीज, आणि म्हाडाची जमीन. शहरात सातबारा नसतो, इथे प्रॉपर्टी कार्ड असतं आणि प्लॉटला भूमापनाचा सी.एस. नंबर असतो. विकणाऱ्याकडे सी.एस. नंबर आणि डिव्हिजन (माझगाव डिव्हिजन, परळ-शिवडी डिव्हिजन वगैरे) विचारा, आणि प्रॉपर्टी कार्ड स्वतः भूमापन कार्यालयातून काढा, त्याने दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. कार्डावर धारक म्हणून कोणाचं नाव आहे आणि टेन्युअरच्या (जमीन कुठल्या हक्काने धरलीय त्या) रकान्यात काय लिहिलंय ते वाचा. जुन्या कार्डांवर "ट्रस्टीज ऑफ द पोर्ट ऑफ बॉम्बे" दिसलं की समजायचं.

पोर्टची लीज असली म्हणजे घ्यायचंच नाही असं मी म्हणत नाही. अख्खं बॅलार्ड इस्टेट, कुलाब्याचा बराच भाग लीजवर आहे आणि लोक पिढ्यान्‌पिढ्या राहतायत. पण मग मूळ लीज डीड हातात घेऊन त्यातल्या चार गोष्टी वकिलाकडून वाचून घ्यायच्या. लीज कधी सुरू झाली आणि किती वर्षांची, म्हणजे उरली किती. मुदत संपल्यावर वाढवून मिळण्याचा हक्क आहे की पोर्टची मर्जी. फ्लॅट विकताना पोर्टची परवानगी लागते का आणि ट्रान्सफरचे पैसे किती. आणि भाड्याची थकबाकी आहे का. या शेवटच्या गोष्टीकडे कोणी बघत नाही. पोर्टच्या वाढीव भाड्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं, २००४ ला निकाल लागला, आणि त्या वादातली जुनी येणी काही सोसायट्यांच्या डोक्यावर वर्षानुवर्षं राहिली. तुम्ही मेंबर झालात की त्या थकबाकीत तुमचाही वाटा आला. म्हणून सोसायटीच्या मागच्या तीन वर्षांचे ऑडिट झालेले हिशेब मागा आणि त्यात "लीज रेंट" किंवा पोर्टशी चालू असलेली केस असा शब्द दिसतो का बघा.

मी स्वतः इथेच अडकलो होतो. पहिल्यांदा जो फ्लॅट पसंत पडला त्याला पूर्वेची मोठी खिडकी होती, खाली बोटी दिसायच्या, आईला तर इतका आवडला की मी त्याच संध्याकाळी दोन लाख टोकन देऊन मोकळा झालो. साध्या पावतीवर. आठ दिवसांनी बँकेच्या वकिलाने सांगितलं की जमिनीची लीज केव्हाच संपलीय, नूतनीकरण झालेलं नाही, लोन मिळणार नाही. ते दोन लाख परत यायला सात महिने गेले आणि त्या सात महिन्यांत मी किती जिने चढलो ते माझं मला माहीत. त्यामुळे टोकन द्यायच्या आधी प्रॉपर्टी कार्ड, हा नियम माझ्यासाठी आता पक्का आहे.

अजून एक उदाहरण देतो म्हणजे जमिनीच्या मालकीचं वजन कळेल. बीडीडी चाळी वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी अशा चार ठिकाणी आहेत, शंभरेक वर्षं जुन्या. पहिल्या तीन ठिकाणी पुनर्विकास सुरू झाला, वरळीच्या पहिल्या लोकांना २०२५ मध्ये नव्या घरांच्या चाव्यापण मिळाल्या. शिवडीच्या चाळी मात्र मागे राहिल्या, कारण त्या पोर्टच्या म्हणजे केंद्राच्या जमिनीवर आहेत. चाळ तीच, माणसंही तशीच, फक्त खालची जमीन वेगळी.

दुसरं, बिल्डिंग कुठल्या जातकुळीची आहे

या पट्ट्यात तुम्हाला चार तऱ्हेची घरं दाखवतील. नवा टॉवर बांधकाम चालू, नवा टॉवर तयार, तीस-चाळीस वर्षांची सोसायटी, आणि पागडीची खोली.

पागडीचं आधी उरकतो. पागडी म्हणजे तुम्ही मालक होत नाही, भाडेकरू होता, फक्त भाडं नाममात्र असतं. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडीचा व्यवहार बेकायदेशीर राहिला नाही हे खरं, पण घरमालकाची संमती लागते, त्याला त्याचा हिस्सा द्यावा लागतो, आणि बँका सहसा यावर होम लोन देत नाहीत. लोक पागडी घेतात ते पुनर्विकासात मालकीचं घर मिळेल या आशेवर. मिळतं, पण कधी मिळेल याचा भरवसा नाही, वीस वर्षं ट्रान्झिट कॅम्पात काढलेली कुटुंबं मी ओळखतो. हातात दुसरं घर असेल आणि थांबायची ताकद असेल तरच.

सेस बिल्डिंग हा शब्द सारखा कानावर पडेल. शहरातल्या जुन्या भाड्याच्या इमारती, ज्या म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाला उपकर भरतात. १ सप्टेंबर १९४० च्या आधीच्या ए वर्गात, तिथपासून १९५० अखेरपर्यंतच्या बी, आणि १९५१ ते ३० सप्टेंबर १९६९ सी वर्गात. यांचा पुनर्विकास विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली होतो आणि अनेक एकत्र आल्या तर ३३(९), म्हणजे क्लस्टर. माझगावात जे नवे टॉवर दिसतात त्यातले कितीतरी असेच उभे राहिलेत. अशा टॉवरमध्ये सेलचा, म्हणजे बिल्डर बाजारात विकतो तो, फ्लॅट घेताना विचारायचं की जुन्या भाडेकरूंची विंग पूर्ण झाली का, त्यांना ताबा दिला का, त्यांचं भाडं थकलंय का. त्यांचं काम अडलं तर म्हाडाची एनओसी अडते आणि मग तुमची ओसी, म्हणजे इमारतीत राहायला परवानगी देणारा दाखला, तोपण अडतो. शिवाय हे लोक त्या जागेवरचे मूळ रहिवासी आहेत, त्यांच्या डोक्यावर छप्पर नसताना आपण वरच्या मजल्यावरून समुद्र बघायचा हे मला तरी पटत नाही.

जुन्या सोसायटीत घेत असाल तर ३० वर्षांवरच्या इमारतीला महापालिका कायद्याप्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं. तो रिपोर्ट मागा. सी-१ म्हणजे धोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए, सी-२बी म्हणजे मोठी-छोटी दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ. "ऑडिट झालंय साहेब, काही नाही त्यात" असं तोंडी सांगणाऱ्याला हात जोडा आणि कागदच मागा. २७ सप्टेंबर २०१३ ला डॉकयार्ड रोडला पालिकेच्या कामगारांची इमारत पहाटे कोसळली, साठहून जास्त माणसं गेली. आम्ही त्याच रस्त्याने रोज स्टेशनला जायचो. त्यामुळे या विषयात मी कोणाचीच भीड ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका.

खाऱ्या हवेचं वेगळंच दुखणं आहे. सळई आतून गंजते, फुगते, आणि बाहेरचं प्लास्टर फुटतं. फ्लॅट बघताना हॉलचं फर्निचर बघू नका, बाथरूमच्या वरचं छत बघा, बाल्कनीच्या खालची बाजू बघा, पार्किंगमधले खांब आणि पाण्याच्या टाकीखालचे बीम बघा. पोपडे, गंजाचे तपकिरी ओघळ, खांबाला उभी चीर, हे दिसलं तर ताजा रंग लावलेला असला तरी स्वतःचा इंजिनियर घेऊन परत या. त्याची फी काही हजार होईल, ती द्या.

तिसरं, परवानग्या

बांधकाम चालू असलेला प्रोजेक्ट असेल तर महारेराच्या (बिल्डरांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) साइटवर त्याचा नंबर टाका. मुंबई शहराचे नंबर पी ५१९ ने सुरू होतात. जाहिरातीवर क्यूआर कोड असायलाच हवा, ऑगस्ट २०२३ पासून सक्ती आहे. तिथे मूळ पूर्ण करायची तारीख आणि आता वाढवलेली तारीख दोन्ही दिसतात, ती दोन्ही वहीत लिहा. कोर्टकचेरीची माहिती, बोजा म्हणजे कोणाकडे जमीन गहाण आहे का, आयओडी (प्लॅनची प्राथमिक मंजुरी), सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी) कितव्या मजल्यापर्यंत आहे हे सगळं तिथे अपलोड केलेलं असतं. सीसीचा मजला नीट बघा. बिल्डर तुम्हाला ३८ वा मजला विकतोय आणि सीसी २२ पर्यंतच असेल तर तुम्ही सध्या हवेतला फ्लॅट घेताय.

समुद्रकाठ म्हणजे सीआरझेड (बांधकामावर निर्बंध असलेला किनाऱ्याजवळचा पट्टा) आलाच. २०१९ च्या नियमांप्रमाणे समुद्रकिनाऱ्याला भरतीरेषेपासून ५०० मीटर, आणि खाडीकाठी ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीएवढं, यातलं जे कमी ते. मुंबईचा बांधलेला भाग सीआरझेड-२ मध्ये मोडतो, म्हणजे बांधकामाला बंदी नाही पण अटी आहेत, आणि त्यात जुना अधिकृत रस्ता किंवा बांधकाम यांच्या जमिनीकडच्या बाजूला प्लॉट आहे का याला महत्त्व आहे. प्लॉट पट्ट्यात येत असेल तर राज्याच्या किनारा क्षेत्र प्राधिकरणाची मंजुरी मागा. २०,००० चौरस मीटरवरचं बांधकाम असेल तर पर्यावरण मंजुरी वेगळी. माझगाव डॉक आणि नौदलाच्या जागा जवळ आहेत, तेव्हा संरक्षण खात्याची एनओसी लागते का आणि आलीय का हेही विचारा. शिवाय २०१८ मध्ये पोर्टच्या मोठ्या पट्ट्यासाठी पोर्टलाच विशेष नियोजन प्राधिकरण नेमलंय, म्हणजे त्या हद्दीत प्लॅन पास करणारं ऑफिस पालिकेचं नसू शकतं. मंजुरीचा कागद कोणाच्या लेटरहेडवर आहे ते बघून घ्या.

आणि ओसी. तयार घर घेत असाल तर ओसीशिवाय पुढे जाऊ नका. कुलाब्याच्या आदर्श सोसायटीचं किनाऱ्याच्या परवानगीवरून काय झालं, वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये वर्षानुवर्षं राहिलेल्या लोकांवर जास्तीच्या मजल्यांवरून घर सोडायची पाळी कशी आली, हे सगळ्या मुंबईने बघितलंय. "सगळे राहतायत ना, ओसी येईलच" हे वाक्य ऐकलं की उठून चालायला लागायचं.

चौथं, पैसे

इथे लोक फ्लॅटची किंमत धरतात आणि वरचा खर्च विसरतात, म्हणून एक हिशेब मांडतो. समजा करार दीड कोटीचा. मुंबईत स्टँप ड्युटी मेट्रो सेस धरून ६ टक्के, म्हणजे ९ लाख. करारातली किंमत आणि रेडी रेकनर (सरकारने ठरवलेला दर) यातलं जे जास्त त्यावर लागते हे लक्षात असू द्या. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सूट, म्हणजे दीड लाख वाचले, पण नवराबायको दोघांच्या नावावर असेल तर ही सूट नाही. रजिस्ट्रेशन १ टक्का पण जास्तीत जास्त ३०,०००. बांधकाम चालू असेल तर जीएसटी ५ टक्के, साडेसात लाख. ओसी आलेल्या घराला किंवा रिसेलला जीएसटी नाही. ४५ लाखांच्या आतल्या परवडणाऱ्या घरांना १ टक्का आहे, पण या पट्ट्यात तसं घर सापडणं अवघड.

आता लोन. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ७५ लाखांवरच्या लोनला बँक घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, आणि स्टँप ड्युटी वगैरे त्यात धरत नाहीत. म्हणजे दीड कोटीच्या घराला जास्तीत जास्त १ कोटी १२ लाख ५० हजार लोन. उरलेले साडेसदतीस लाख तुमचे, वर स्टँप आणि रजिस्ट्रेशन ९ लाख ३० हजार, वर जीएसटी असला तर साडेसात. एकूण ५४ लाख ३० हजार खिशात हवेत, आणि यात ब्रोकर, वकील, इंटिरियर, सोसायटीचा ट्रान्सफर खर्च धरलेला नाही. हा आकडा कागदावर लिहून आठवडाभर फ्रिजवर लावून ठेवा, मग साइट बघायला जा.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस तुम्ही कापून सरकारला भरायचा आणि बाकीचे विकणाऱ्याला द्यायचे. हा जास्तीचा खर्च नाही, किमतीतूनच जातो, पण कापला नाही तर नोटीस तुम्हाला येते. या भागात मालक गल्फला किंवा कॅनडाला असतो असं बरंच होतं, आणि विकणारा परदेशस्थ असेल तर टीडीएस १ टक्का नसतो, खूप जास्त असतो. सीएला विचारल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

तुमच्याकडे रोख पैसे असले तरी मी सांगेन थोडंसं लोन घ्या किंवा निदान बँकेत फाइल टाकून बघा. बँकेचा वकील फुकट नाही पण कडक असतो. बँक नाही म्हणाली तर का म्हणाली ते खोदून विचारा. माझे दोन लाख तरी त्याच माणसामुळे वर आले, नाहीतर पूर्ण किंमत बुडाली असती.

पाचवं, जागा बघायची पद्धत

एकदा बघून ठरवू नका, निदान चार वेळा जा. एकदा कामाच्या दिवशी सकाळी, पी. डिमेलो रोड आणि रे रोडच्या बाजूला ट्रक आणि ट्रेलरची रांग कशी लागते ते कळेल. एकदा रात्री अकराला, रस्त्यावर दिवे किती, स्टेशनपासून चालताना घरच्या बायामुलींना सुरक्षित वाटेल का ते बघा, गोदामांच्या लांब भिंतींच्या बाजूने माणूस दिसत नाही. एकदा थंडीत पहाटे, कारण तेव्हा पूर्वेकडचं वारं येतं आणि माहुल-ट्रॉम्बे बाजूला रिफायनऱ्या आहेत. दारूखान्याजवळ जुन्या जहाजांच्या भंगाराचं काम चालतं, भाऊच्या धक्क्याजवळ मासळीचा वास. मला तो वास घरचा वाटतो, तुम्हाला वाटेलच असं नाही, आणि यात लाजायचं काही नाही, आधीच कळलेलं बरं.

आणि एकदा जुलैत, भरतीच्या दिवशी जायचं. पालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरवरच्या भरतीच्या तारखा जाहीर करते. अशा दिवशी जोराचा पाऊस पडला की नाल्यातलं पाणी समुद्रात जात नाही, रे रोडला ब्रिटानिया पंपिंग स्टेशन त्यासाठीच बांधलंय. बिल्डिंगच्या वॉचमनला आणि समोरच्या वाण्याला विचारा पाणी कुठवर येतं. ते गुडघ्याला हात लावून दाखवतील. पार्किंग बेसमेंटला असेल तर पंप आणि लिफ्टची मशीनं कुठे बसवलीत तेही बघा.

समुद्राच्या व्ह्यूबद्दल एवढंच सांगतो. इथला समुद्र पूर्वेचा आहे, सूर्य उगवताना दिसतो, मावळताना नाही. चौपाटी नाही, वाळू नाही, बोटी, क्रेन, तेलाचे टँकर, जवाहर द्वीप, आणि लांबवर उरणचे डोंगर. ज्याला ते आवडतं त्याला फारच आवडतं. हिवाळ्यापासून मेपर्यंत शिवडीच्या चिखलात फ्लेमिंगो उतरतात, ओहोटीच्या वेळेला जा, नजर ठरत नाही. पण करारात व्ह्यू कोणीच लिहून देत नाही. तुमच्यासमोर आज पत्र्याचं गोदाम आहे, ती जमीन पोर्टची आहे, उद्या तिथे काही उंच उभं राहिलं तर तुमचा हक्क काही नाही. व्ह्यूसाठी जास्त पैसे मागत असतील तर समोरचा प्लॉट कोणाचा आणि विकास आराखड्यात त्यावर काय दाखवलंय हे बघूनच बोला.

सहावं, कागद आणि सह्या

रिसेलला मूळ करारापासूनची साखळी लागते, म्हणजे बिल्डरने पहिल्याला विकलं, त्याने दुसऱ्याला, प्रत्येक करार रजिस्टर केलेला आणि स्टँप भरलेला. मधला एक जरी हरवला असेल तर पोलीस तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, डुप्लिकेट, हे सगळं विकणाऱ्याच्या खर्चाने. इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या कराराचा सरकारी उतारा) काढा, वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्या, शेअर सर्टिफिकेट मूळ बघा. माझगावात जुनी कुटुंबं आहेत, आजोबांच्या नावावर घर, सहा वारस, दोन ऑस्ट्रेलियात. सोसायटीत नॉमिनी म्हणून एकाचं नाव असलं म्हणजे तो एकटा मालक होत नाही. सगळ्या वारसांचं रजिस्टर्ड हक्कसोडपत्र हवं किंवा करारावर सगळ्यांच्या सह्या. पुढे मागे एखादा भाऊ उभा राहतो आणि मग दहा वर्षं सिव्हिल कोर्ट.

सोसायटीचं कन्व्हेयन्स झालंय का हा प्रश्न विचाराच, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर आलीय का. नसेल तर डीम्ड कन्व्हेयन्सचा (बिल्डर देत नसेल तर सरकारकडून मिळवायच्या कन्व्हेयन्सचा) अर्ज केलाय का. उद्या पुनर्विकास झाला तर एफएसआयचा (जमिनीवर किती बांधता येईल त्याचा) फायदा कोणाला हे यावर ठरतं.

बिल्डरकडून घेताना रजिस्टर करार व्हायच्या आधी किमतीच्या १० टक्क्यांवर एक रुपया देऊ नका, कायदाच आहे. किंमत कार्पेटवर (घरात खरंच वापरता येणाऱ्या जागेवर) ठरवा, "सेलेबल एरिया" वगैरे सांगत असेल तर कार्पेटचा आकडा करारात लिहून घ्या. पार्किंग उघडं असेल तर ते विकता येत नाही. कव्हर्ड किंवा मशीनचं असेल तर त्याचा नंबर, माप, आणि गाडी खरंच बसते का ते तुमच्या गाडीच्या मापाने बघा. ताबा उशिरा दिला तर व्याज किंवा पैसे परत मागायचा हक्क आहे, त्या कलमात बिल्डरने काही पाणी घातलंय का ते वाचा. सही झाल्यावर चार महिन्यांच्या आत रजिस्ट्रेशन, पण खरं म्हणजे त्याच दिवशी करा. आणि शेवटचा हप्ता चावी हातात आल्यावरच.

ताबा घेतल्यावर

सोसायटीत मेंबरशिप आणि शेअर ट्रान्सफर, पालिकेच्या मालमत्ता कराला नाव, बेस्टच्या मीटरला नाव, गॅस. हे महिन्याभरात उरका, नाहीतर राहतं ते राहतंच. खिडक्यांना लोखंडी ग्रिल लावू नका, दोन पावसाळ्यांत गंजून भिंतीवर ओघळ येतात, पावडर कोटेड अॅल्युमिनियम किंवा चांगलं स्टेनलेस लावा. एसीचं बाहेरचं युनिट थेट समुद्राच्या तोंडाला बसवू नका, आडोशाला घ्या, आणि दर दोन महिन्यांनी साध्या पाण्याने धुवून घ्या. लाकडी फर्निचर भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा.

घर नवीन बिल्डरकडून घेतलं असेल तर ताब्यापासून ५ वर्षं बांधकामातले दोष त्याने स्वखर्चाने काढून द्यायचे असतात. म्हणून पहिल्या पावसाळ्यात दर आठवड्याला भिंती, खिडकीचे कोपरे, छत हात लावून बघा, ओल दिसली की तारीख दिसेल असा फोटो काढा आणि लगेच लेखी मेल करा. तोंडी सांगितलेलं कोणाला आठवत नाही. माझ्याच बिल्डिंगमधल्या शेजाऱ्यांनी त्यांच्या मुलीच्या नव्या फ्लॅटची अशी फाइल ठेवली होती, जून ते सप्टेंबर चौदा फोटो आणि नऊ मेल, आणि त्याच फाइलवर पूर्वेची अख्खी भिंत बाहेरून वॉटरप्रूफ करून मिळाली.